पहाटेच्या सुकतीसाठी: शिडाच्या बोटीवरच्या एका मोसमाच्या नोंदी

१४ ऑक्टोबर २०२३, जयगड खाडी

पावसाळाभर ताडपत्रीखाली असलेली बोट आज उघडली. २६ फुटी, दोन तळांची (दोन अरुंद तळ शेजारी-शेजारी जोडलेली कॅटॅमरान), प्लायवूड आणि इपॉक्सीची (सुकून घट्ट होणारी चिकट राळ), कुणी हौशी माणसाने बांधलेली आणि आता आमची. किंमत ४ लाख २० हजार. एका तळाची, खोल कण्याची बोट वाऱ्यावर, म्हणजे समोरच्या वाऱ्याविरुद्ध, हिच्यापेक्षा कितीतरी चांगली चढते, हे घेतानाच माहीत होतं. पण आम्हाला लांब पल्ला मारायचा नाही. मे महिन्यापर्यंत दोन मुलांसह (थोरली अकरा वर्षांची, धाकटा सहा) बोटीवरच राहायचं आणि कोकणातले कातळ, पुळणी (वाळूचे किनारे), खाजणं (खाडीकाठच्या दलदली) बघत फिरायचं, एवढाच बेत आहे. दोन तळांची बोट गुडघ्याएवढ्या पाण्यात तरंगते आणि सुकतीला (ओहोटीला) वाळूवर बसली तर कलंडत नाही. इथल्या बहुतेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो. तिथे हा गुण वेगापेक्षा मोलाचा.

स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने सगळं लाकूड ठोकत गेलो. शाबूत प्लाय टणटणीत वाजतो, कुजलेला बद्द. डावीकडच्या तळात, डोलकाठीच्या ताणतारेची पट्टी बसवलीय तिथे हातभर जागा बद्द निघाली. बोल्टच्या भोकातून पाणी झिरपलेलं. जुनी बोट बघायला जाल तेव्हा आधी बोल्टांच्या मुळाशी ठोका, रंग नंतर बघा.

२४ ऑक्टोबर, दसरा

कुजका भाग कापला, नवा तुकडा बसवला, पण दहा दिवस गेले. निम्मे दिवस इपॉक्सीने खाल्ले. पावसाळा सरला तरी खाडीकाठची हवा ओलीच असते. रात्री लावलेल्या थरावर सकाळी मेणचट पापुद्रा येतो. त्यावरच आम्ही दुसरा थर चढवला आणि तो सोलून निघाला. उपाय साधा आहे: पहिला थर सुकला की साबण-पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या जाळीने धुवायचा, कोरडा करायचा, मग घासकागद, मग पुढचा थर. दुपारी बारानंतर काम सुरू करायचं आणि ऊन उतरायच्या आत थांबायचं.

खर्च: मरीन प्लायचा एक ताव ४,८००, इपॉक्सी आणि काचकापड ११,५००, सुताराची मजुरी ७,२००.

संडासाबद्दल सगळेच विचारतात, म्हणून एकदाच लिहिते. पंपाचा बोटीतला संडास घेतला नाही. लघवी वेगळी काढणारं फनेल आणि खाली बादली, त्यात नारळाच्या काथ्याचा भुसा. भुसा इथे पोत्याने मिळतो आणि वास धरून ठेवतो. भरलेली बादली ओळखीच्या माडाच्या बागेत खड्ड्यात जाते. खर्च १,९००. सबंध बोटीवर एकदाही न बिघडलेली वस्तू कुठली विचाराल तर हीच.

तेज चक्रीवादळ येमेनकडे गेलं. इकडे नुसती लांब लाट आली. तरी दोन रात्री झोप नीट लागली नाही.

२९ ऑक्टोबर

काल कोजागरी, आज उधाण. बोट पाण्यात लोटायला हाच दिवस धरला होता. अकराच्या सुमाराला पाणी थेट माडांच्या मुळांशी आलं आणि आठ माणसांनी ओंडक्यांवरून बोट सरकवली. तासभर उशीर झाला असता तर पुढच्या उधाणापर्यंत पंधरवडा थांबावं लागलं असतं.

तळाला तांब्याचा लाल रंग दोन हात. त्यात कंजूषी करू नये. खाडीत उभ्या बोटीला बार्नेकल (तळाला घट्ट चिकटणारे कवचाचे छोटे जीव) महिन्याभरात धरतात आणि मग बोट चालतच नाही.

११ नोव्हेंबर

धनत्रयोदशीच्या रात्री नांगर सरकला. आमच्याकडे चार दातांचा कोळी नांगर होता, सोबत नुसता दोर. कातळात तो छान अडकतो, पण जयगडच्या मऊ गाळातून नांगरट करत निघतो. गेल्या आठवड्यात भांग होतं (अष्टमीच्या आसपासची कमी चढउताराची भरती-ओहोटी), पाण्याला ओढ नव्हती, म्हणून बोट जागेवर राहिली आणि आम्हाला खोटा भरवसा आला. अमावास्या जवळ आली तशी ओढ वाढली. त्यात खाडीचं पाणी दर सहा तासांनी उलटं फिरतं. बोट फिरली, दोर नांगराच्या दातांत गुंतला, नांगर उपटला. जाग आली ती शेजारच्या मच्छीमार बोटीवरच्या खलाशाने "ओ वहिनी, चाललात कुठे?" म्हणून बॅटरी मारली तेव्हा. दोन बोटींमध्ये हातभर अंतर उरलं होतं.

नवा बंदोबस्त: सपाट पात्यांचा १२ किलोचा नांगर, १५ मीटर ८ मिलिमीटरची जस्ताची साखळी, पुढे ४० मीटर नायलॉन दोर. सगळं मिळून १३,६००. साखळी मीटरला जवळजवळ दीड किलो भरते, तेच तिचं काम: ती तळाशी पडून राहते आणि ओढ आडवी ठेवते. दोर सोडताना आत्ताची खोली धरायची नाही. भरतीला होणारी खोली धरायची आणि तिच्या पाचपट दोर सोडायचा. जुना कोळी नांगर ठेवलाय, फक्त कातळासाठी.

दिवाळीला घरी जातोय. बोट नव्या नांगरावर आणि शेजारच्या मच्छीमार बोटीच्या तांडेलांच्या (प्रमुखांच्या) नजरेखाली.

२८ नोव्हेंबर

ज्यासाठी एवढा खटाटोप, ते काल पौर्णिमेला पहिल्यांदा करून पाहिलं. किल्ल्याखालच्या कातळांवर सुकतीला उतरलो.

आधी पाण्याचं गणित, कारण बोटीवरचा सगळा दिनक्रम त्यावर चालतो. कोकणातला जुना हिशेब: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधरा पाऊणे सव्वाअकरा. अष्टमीला सहा. हा ठोकताळा आहे. दक्षिणेकडे भरती आणखी थोडी आधी येते, त्यामुळे छापील तक्ता बघायचाच. पण या हिशेबात एक गोष्ट लपलीय, जी माझ्या डोक्यात आधी कधीच आली नव्हती. पौर्णिमा-अमावास्येला भरती नेहमी अकरा-बाराच्या आसपास, म्हणजे त्या दिवसांची खोल सुकती नेहमी पहाटे पाच-साडेपाचला नाहीतर संध्याकाळी. भरदुपारची सुकती येते ती अष्टमीच्या सुमाराला, भांगाची, आणि तेव्हा पाणी फारसं उतरतच नाही. दुपारी सहलीला आलेल्या माणसाला कातळाचा खालचा पट्टा कधी दिसत नाही तो यामुळे. दिसायला हवा तर आदल्या रात्री तिथेच मुक्काम पाहिजे. बोटीवर राहण्याचा आम्हाला एवढाच खरा फायदा आहे. बाकी सगळं घरी जास्त सोयीचं असतं.

आता काल काय झालं ते. डिंगी, म्हणजे बोटीवरून काठाला जायची छोटी होडी, हवा भरायची, पीव्हीसीची, जुनी, १८,००० ची. अंधारात कातळाला लावली आणि कालवांच्या धारेवर ती फुटली. कालवं काढून नेल्यावर कातळाला चिकटून राहिलेली खालची शिंप ब्लेडसारखी कापते. पाणी कमरेएवढंच होतं, सगळ्यांच्या अंगात जाकिटं होती, भिजण्यापलीकडे काही नाही. बोटीवर येऊन सायकलच्या सोल्युशनने ठिगळ मारलं. तासाभरात सुटलं. रबराचं सोल्युशन पीव्हीसीला धरत नाही, त्याला वेगळा गोंद लागतो. तो रत्नागिरीत मिळाला नाही, मुंबईहून मागवला.

१५ डिसेंबर

मुंबईच्या गोंदाचं ठिगळ टिकलं, पण दुसऱ्याच जागी चीर गेली. डिंगीचा नाद सोडला. खाडीत निवट्या (चिखलात उड्या मारणारे मासे) आणि कुर्ल्या धरणाऱ्या एकाकडून नऊ फुटी फायबरची होडी घेतली, १४,०००. कडेला जुन्या अग्निशमन पाइपाचा पट्टा ठोकला. जड आहे, ओढत न्यावी लागते, पण कातळाला घासली तरी चिंता नाही. होडी मागे बांधताना तरंगता दोर वापरा. आधीचा नायलॉनचा बुडायचा, एकदा इंजिनाच्या पंख्यात गेला आणि नवऱ्याने सुरी दातांत धरून अर्धा तास पाण्यात काढला.

अमावास्येनंतरचे तिन्ही दिवस पाणी छान उतरलं. पहाटे पाचला निघायचं. प्रत्येकाच्या कपाळाला बॅटरी, पायात जाड तळाचे बूट. चप्पल चालत नाही. खालच्या पट्ट्यात हिरव्या झोअँथिडचा (समुद्रफुलांच्या जवळच्या छोट्या जीवांचा) गालिचा, त्यात पाय घालायचा नाही, ते सगळे जिवंत प्राणी आहेत. समुद्रफुलं, दगडाखाली ठिसूळतारे (बारीक हातांचे, तारामाशासारखे), शंखात बिऱ्हाड केलेले खेकडे, आणि एक समुद्री गोगलगाय, जांभळी, पिवळ्या कडेची. धाकट्याने वाळूची रबरासारखी गोल पट्टी उचलून आणली. कुणाच्या तरी टायरचा तुकडा असेल म्हणून मी फेकायला निघाले होते. ती चंद्रगोगलगाईची अंडी: ती वाळू आणि स्वतःचा चिकट स्राव एकत्र करून असा पट्टा बनवते. जागच्या जागी परत ठेवला.

आमचे नियम तीन. दगड उलटला तर तसाच परत पालथा. पाण्यातून काही बाहेर काढायचं नाही. आणि सुळक्यासारखा नक्षीदार शंख कितीही सुंदर असला तरी हात लावायचा नाही. तो कोन शंख असू शकतो आणि त्याचा दंश विषारी असतो. वाळूत चालताना पाय उचलायचे नाहीत, घासत न्यायचे, म्हणजे रुतून बसलेलं पाकट आधीच सरकतं.

आणि घड्याळाचा गजर. सुकती उलटायच्या वेळेला एक, त्यानंतर वीस मिनिटांनी दुसरा. दुसरा वाजला की सगळे होडीत, मग समोर देवमासा का असेना.

४ जानेवारी २०२४, रत्नागिरी

जयगड सोडलं. वीसेक सागरी मैल. थंडीत इथे पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, दहाच्या सुमाराला पडतो, आणि दुपारी वायव्येचा सुरू होतो. दक्षिणेला जाणाऱ्याला दोन्ही सोयीचे. मधल्या पडत्या वाऱ्यात आम्ही दोन तास जागीच डुललो. थोरली ओकली, धाकटा झोपला. तेवढ्यात पाठीवर लांबट कुबड असलेले डॉल्फिन आले. मालवणकडे त्यांना गादा म्हणतात. ते उथळ पाण्यातच राहतात, किनाऱ्यालगत फिरणाऱ्या बोटीला दिसणारे बहुधा हेच. इंजिन बंद ठेवलं की ते थांबतात, पाठलाग केला की बुडी मारतात.

रात्री चालायचं नाही, हे ठरवून टाकलंय. जाळ्यांना दिवे नसतात.

सौर पॅनेल शिडाच्या सावलीत येत होतं. कोपऱ्यावर सावली पडली तरी बरीच वीज बसते. मागच्या कमानीवर हलवलं, वेल्डरने २,२०० घेतले. १०० वॅटची दोन पॅनेलं, १०० ॲम्पिअर-अवरची लिथियम बॅटरी. दिवे, फोन आणि एक छोटा पंखा आरामात चालतात. फ्रिज नाही.

तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन्ही आकडे मुलांना पाठ करवलेत. उपग्रह फोन परवानगीशिवाय बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, परदेशी व्हिडिओ बघून कुणी मागवू नका.

१४ जानेवारी, पूर्णगड

मुचकुंदीच्या मुखावरचा दांडा भरतीला ओलांडला, पण संध्याकाळी वारा मंद आणि लाट शांत बघून पुन्हा बाहेर येऊन गावखडीच्या पुळणीसमोर नांगरलो. ही ऑलिव्ह रिडले कासवांची विणीची पुळण. अमावास्या नुकतीच झालेली, मिट्ट काळोख. डोलकाठीवर नांगराचा पांढरा दिवा, आत एलईडीचा लखलखाट. रात्री काठावरून लाल बॅटरी हलताना दिसली. होडीने गेलो, तर कासवांसाठी गस्त घालणारा गावातला माणूस. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुमचा दिवा सगळ्या पुळणीवर पडलाय. मादी वर यायची नाही." नांगराचा दिवा नियमाने लावावाच लागतो, विझवता येत नाही. म्हणजे जागाच चुकीची. रातोरात नांगर उचलून खाडीत परतायला दांड्यावर पुरेसं पाणी नव्हतं, म्हणून मैलभर बाहेर खोल पाण्यात सरकलो आणि उलट्या लाटेत रात्रभर गडगडत राहिलो. भांड्यांचा आवाज अजून कानात आहे.

विणीच्या पुळणीसमोर नोव्हेंबर ते मे नांगरू नये. खाडीत राहावं आणि चालत जावं.

सकाळी त्यानेच मुलांना मादीच्या येण्याजाण्याचे माग दाखवले. घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, आणि वाळू किती तापते त्यावर पिल्लू नर की मादी ते ठरतं. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी या म्हणाला.

२७ जानेवारी, विजयदुर्ग

वाघोटण खाडीत आत. या किनाऱ्यावर इतका निवारा दुसरीकडे आम्हाला मिळाला नाही. गिर्ये इथली मराठा आरमाराची गोदी पाहिली. भरतीला जहाज आत घ्यायचं, सुकतीला कोरड्यात दुरुस्ती. आम्ही बोट वाळूवर बसवून तळ घासतो तेच तंत्र. खाजणात निवट्या आणि एक नांगी मोठी असलेले खेकडे, मुलांना दुर्बिणीने तासन्तास पुरले. बाकी कामाचं काही नाही, विश्रांती.

१३ फेब्रुवारी, मालवण

इथे बोट नांगरण्यात दोन दिवस गेले, आणि ते योग्यच होते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे, १९८७ पासून सागरी अभयारण्य. आमची साखळी प्रवाळावरून एकदा घासली तर वर्षांचं काम मोडतं. नवरा पाण्याखाली बघायचा मुखवटा लावून आधी समुद्राचा तळ बघून आला, नुसती वाळू सापडली तिथे नांगर टाकला, आणि किल्ल्याकडे स्थानिक माणसाच्या बोटीतूनच गेलो. पाणी दिसतं ते वाढत्या भरतीला. सुकतीचं पाणी गढूळ.

थोरलीने किनाऱ्यावर वाहून आलेला प्रवाळाचा मेलेला तुकडा खिशात घातला होता. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहे, मेलेलाही घरी नेता येत नाही. तिने रडून परत ठेवला, त्याचं चित्र काढलं.

सकाळी रापण (किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं) लागली होती. आम्ही उभे राहून बघतोय हे बघून एक आजोबा म्हणाले, "वयनी, दोरी ओढूक येवा, नुसता बघून मासो गावाचो नाय." चौघांनी ओढलं. तारली, बांगडे, ढीगभर जेलीफिश, आणि फुगलेले केंड, ज्यांना सगळेच शिव्या घालतात कारण ते जाळं कुरतडतात. एका सकाळी मुलांना जितके प्रकारचे मासे बघायला मिळाले तितके पाण्याखाली जाऊन मोसमभरात दिसले नाहीत. वाटा म्हणून मिळालेले बांगडे दोन वेळा पुरले.

अँग्रिया बँकेबद्दल (समुद्रात बुडालेलं प्रवाळाचं पठार) विचारणाऱ्यांसाठी: शंभर किलोमीटर बाहेर, उघड्या समुद्रात, आमच्या बोटीचं ते काम नाही.

१० मार्च, देवगड

परतीला वाऱ्याने हिशेब चुकता केला. फेब्रुवारी सरला तसा वायव्येचा वारा सकाळी लवकर सुरू होतो आणि जोर धरतो. मालवण ते देवगड वीस मैल, नाकासमोर वारा. दोन तळांची बोट वाऱ्यावर चढत नाही, आडवी सरकते. शेवटी दहा अश्वशक्तीच्या इंजिनावर आलो आणि पेट्रोलचे ३,१०० गेले. जयगडपर्यंत असं जायचं नाही. पावसाळ्याला बोट विजयदुर्गलाच ओढायची.

महाशिवरात्रीला कुणकेश्वरी गर्दी, किनारा माणसांनी भरलेला. त्याच सुमाराला कासवांच्या गस्तवाल्याचा फोन आला, म्हणून दोन एसटी बदलून गावखडीला गेलो. पिल्लं निघाली होती. सोडताना माणसांनी दोरीमागे उभं राहायचं, फ्लॅश नाही. धाकट्याने विचारलं, आई कुठे आहे त्यांची? गुहागरहून २०२३ मध्ये ट्रान्समीटर लावून सोडलेली बागेश्री नावाची कासवाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती, तेवढं सांगितलं.

५ मे, विजयदुर्ग

काल-आज वारा नाही, आभाळ निरभ्र, आणि तरी मुखाशी लाटा फुटतायत. इन्कॉइसचा (समुद्राच्या स्थितीचे अंदाज देणारी सरकारी संस्था) इशारा आधीच आला होता: दूर दक्षिण हिंदी महासागरात उठलेल्या लाटा दिवसेंदिवस प्रवास करून येतात, इथलं हवामान बघून त्यांचा पत्ता लागत नाही. वाऱ्याचं ॲप बघून "उद्या शांत" म्हणणाऱ्यांनी लाटेचा कालावधीही (दोन लाटांमधला वेळ) बघावा. आम्ही खाडीत आत होतो, फक्त होडी काठावर आपटून तिची कड तडकली. मुलांना दोन दिवस पुळणीवर सोडलं नाही.

९ मे

अमावास्येचं उधाण, सव्वाअकराला बोट वर. ओंडके, आठ माणसं आणि एक ट्रॅक्टर, ४,५००. पावसाळ्याचं जागाभाडं महिना १,५००.

तळाला बार्नेकल फक्त सुकाणूच्या खाचेत, तिथे रंगाचा ब्रश पोचला नव्हता. जुनी बद्द जागा कोरडी आहे. उजवीकडे मात्र तशाच पट्टीखाली आवाज बदललाय, ऑक्टोबरात उघडावी लागेल.

बोटीची किंमत सोडून मोसमाचा खर्च १ लाख ६८ हजार. त्यात दुरुस्ती आणि सामान निम्म्याहून जास्त, पेट्रोल ११,०००, बाकी खाणं, एसटी, फोन. पाणी चौघांना पिण्या-रांधण्याला दिवसाला बारा लिटर पुरलं, कारण भांडी खाऱ्या पाण्याने धुऊन गोड्याने फक्त विसळायची. कॅन वीस लिटरचेच घ्या. चाळीसचा भरलेला कॅन होडीतून बोटीवर चढवताना नवऱ्याची पाठ धरली ती अजून सुटली नाही.

पीव्हीसीची डिंगी तीन ठिगळांसह विकायची आहे. तलावासाठी चालेल.